संकेतस्थळाची स्मरणशक्ति

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एक नवीच लगबग सुरू होते. २०२५ सालापासून सबंध महाराष्ट्रांतील अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. त्यामुळें मोठ्या शहरांतल्याप्रमाणेंच गांवोगांवचे विद्यार्थी व त्यांचे पालकहि संगणकापुढें किंवा मोबाइल हातीं घेऊन अर्ज भरावयास बसतात. असा कोणताहि अर्ज भरतांना विद्यार्थी आपलें नांव व सांकेतिक शब्द एकदांच देतो आणि आंत शिरतो. मग एका पानावर गुण, दुसऱ्यावर पत्ता, तिसऱ्यावर महाविद्यालयांची पसंती, अशीं पानांमागून पानें उघडत जातात, 'तूं कोण?' असें त्यास प्रत्येक पानावर कोणी विचारीत नाहीं. परंतु मध्येंच जेवावयास उठून तो तासाभरानें परत आला, तर बहुधा तेंच संकेतस्थळ त्याची सारी ओळख विसरलेलें असतें व पुन्हां सांकेतिक शब्द मागतें. पालक त्रासून जातात आणि विद्यार्थी घाबरतो. भरलेलें सर्व बुडालें कीं काय, हीच त्याची पहिली शंका!

संकेतस्थळाचें हें स्मरण कोठें ठेवलेलें असतें आणि हें विस्मरण कां घडतें, याचा उलगडा प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्रांचा असला तरी कठीण नाहीं. सायकल-स्टँडवरचा बिल्ला आणि शाळेंतली पाटी ह्या दोन वस्तु ज्यास ठाऊक आहेत, त्यास तो सहज समजेल अशी आम्हांस खात्री वाटते.

प्रथम एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संकेतस्थळास उपजत स्मरणशक्ति मुळींच नसते. १९८९ सालीं जिनीव्हा शहराजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. निरनिराळ्या ठिकाणच्या शास्त्रज्ञांस एकमेकांचे कागद सुलभतेनें वाचतां यावे, हा त्यांचा हेतु होता. मागणारें साधन तें ब्राउझर, आणि कागद पुरविणारा संगणक तो सर्व्हर. कागद मागावा, कागद मिळावा, कीं व्यवहार संपला. या व्यवहाराचे जे नियम ठरले त्यांस एचटीटीपी असें म्हणतात. त्या नियमांप्रमाणें प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. ज्यानें आतांच पहिलें पान नेलें तोच पुढच्या क्षणीं दुसरें पान मागावयास आला आहे, हें ओळखण्याचें साधन या नियमांनीं सर्व्हरास दिलें नव्हतें.

असें विसराळू यंत्र त्या विद्वानांनीं मुद्दामच केलें. वाचनालयाच्या कारकुनानें दाराशीं येणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा व त्याची सारी हकीकत लक्षांत ठेवावयाची म्हटली, तर त्याच्या डोक्यावर केवढा भार पडेल! उलट, समोर येईल त्यास मागेल तें पुस्तक द्यावें आणि विसरून जावें, एवढेंच काम असलें तर एकटा कारकून शेंकडों वाचकांस पुरा पडतो. एक कारकून उठून गेला आणि दुसरा बसला, तरी काम अडत नाहीं. जागतिक जाळें इतक्या थोड्या काळांत एवढें पसरलें, त्याचें श्रेय कांहीं अंशीं या विस्मरणासच दिलें पाहिजे.

पुढें जाळ्यावर दुकानें आलीं, बँका आल्या, आगगाडीचीं तिकिटें मिळूं लागलीं. तेव्हां मात्र हें विस्मरण अडचणीचें झालें. दुकानांत एक वस्तु टोपलींत टाकून दुसरी पहावयास जावें, तों टोपलीच नाहींशी व्हावी, असा प्रकार होऊं लागला. यावर १९९४ सालीं नेटस्केप या कंपनींतील लू माँटुली यांनीं एक तोड काढली. सर्व्हरानें पान पाठवितांना त्याबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवावी. ब्राउझरानें ती जपून ठेवावी, आणि त्याच संकेतस्थळाकडे पुढची मागणी करतांना न चुकतां ती दाखवावी. या चिठ्ठीस 'कुकी' असें खाऊचें नांव मिळालें आहे. आपण एकदां ओळख पटवून आंत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा जो काळ, त्यास इंग्रजींत 'सेशन' म्हणतात. आम्ही त्यास येथें सत्र म्हणूं.

आतां प्रश्न असा कीं, या चिठ्ठीवर लिहावयाचें तरी काय? विद्यार्थ्याचें नांव, त्याचे गुण, त्याचे अधिकार, हें सर्व चिठ्ठीवरच लिहून दिलें तर? पण चिठ्ठी त्याच्याच हातीं राहावयाची. एखाद्या खोडसाळानें ७२ गुणांचे ९२ केले, तर सर्व्हरानें काय करावें? शिवाय ही चिठ्ठी प्रत्येक मागणीबरोबर जात-येत असते. ती जितकी जड तितका खोळंबा अधिक. म्हणून शहाणीं संकेतस्थळें सायकल-स्टँडचाच मार्ग पत्करतात. स्टँडवाला आपली सायकल ठेवून घेतो आणि हातांत केवळ आंकड्याचा बिल्ला देतो. बिल्ल्यावर सायकलीचें वर्णन नसतें, मालकाचें नांवहि नसतें. तसेंच चिठ्ठीवर फक्त एक आंकडा असतो. त्या आंकड्यापुढें कोणाचें नांव आहे, तो केव्हां आंत आला, त्यास काय काय करण्याची मोकळीक आहे, ही नोंद सर्व्हराच्या बाजूस राहते.

मात्र हा आंकडा १, २, ३ असा ओळीनें देऊन भागत नाहीं. ज्याचा बिल्ला ४१ आहे त्यास ४२ क्रमांकाचा बिल्ला कोठेंतरी असणारच हें कळतें, आणि तेवढ्यावर दुसऱ्याची सायकल पळवितां येते. यासाठीं आंकडा असा निवडतात कीं तो कोणास तर्कानें सांपडूं नये. पुष्कळ ठिकाणीं तो १२८ बिटांचा असतो. म्हणजे शक्य असलेल्या आंकड्यांची एकंदर संख्या ३९ अंकी होते. त्या ढिगांतून एखाद्याचा आंकडा अंदाजानें हुडकून काढणें मनुष्याच्याच काय, पण यंत्राच्याहि आटोक्याबाहेरचें आहे.

बिल्ल्याचा प्रश्न सुटला. आतां सायकली कोठें ठेवावयाच्या, म्हणजे सत्रांची नोंद कोठें करावयाची, हा आमच्या विषयाचा गाभा होय.

सर्व्हर एकटाच असेल तर काम सोपें आहे. त्यानें आपल्याच जवळ नोंद ठेवावी. पीएचपी या प्रसिद्ध भाषेंत लिहिलेलीं संकेतस्थळें, निराळें कांहीं न सांगितल्यास, प्रत्येक सत्राची एक लहानशी फाइल सर्व्हरावर ठेवतात. आणि १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटें, तिला कोणी हात लावला नाहीं तर ती टाकाऊ समजतात. परंतु प्रवेशाच्या दिवसांत हजारों विद्यार्थी एकाच वेळीं येतात, तेव्हां एक सर्व्हर पुरत नाहीं. दहा सर्व्हर शेजारीं शेजारीं मांडतात आणि दाराशीं एक वांटप करणारें यंत्र बसवितात. तें येणाऱ्या मागण्या सर्वांस सारख्या वांटून देतें. आतां पाहा, पहिलें पान तिसऱ्या सर्व्हरानें दिलें आणि नोंद त्याच्याजवळ राहिली. दुसरी मागणी गेली सातव्या सर्व्हराकडे. तो बिल्ला पाहतो, आपली वही चाळतो, आणि 'हा आंकडा माझ्याकडे नाहीं' असें म्हणून विद्यार्थ्यास दाराबाहेर काढतो. विद्यार्थ्याचा अपराध कांहींच नसतो.

यावर एक उपाय असा कीं, ज्यास एकदां तिसऱ्या सर्व्हराकडे धाडलें त्यास नेहमीं तेथेंच धाडावें. कांहीं काळ हें चालतें. पण तिसराच सर्व्हर बंद पडला, तर त्याच्या पदरीं असलेले सर्व लोक एकदम अनोळखी होतात. दुरुस्तीसाठीं त्यास थोडा वेळ बाजूस काढावयाचें म्हटलें तरी हीच आपत्ति.

दुसरा उपाय, सर्व सर्व्हरांनीं मिळून एकच वही वापरावी. संकेतस्थळाची मुख्य खातेवही, जिला डेटाबेस म्हणतात, ती असतेच. तींतच सत्रेंहि लिहावीं. हा उपाय सुरक्षित आहे, आणि लहान संकेतस्थळांस तो पुरतोहि. परंतु थोडें गणित करून पाहूं. समजा, एक लाख माणसें आंत आहेत आणि प्रत्येक जण दर दहा सेकंदांनीं एक मागणी करतो. म्हणजे दर सेकंदास १०,००० वेळां 'हा कोण?' असें खातेवहीस विचारावें लागणार. आणि 'हा आतांच येऊन गेला' अशी नोंद करावयाची असल्यास तितक्याच वेळां लिहावेंहि लागणार. ज्या खातेवहींत अर्ज, गुण व फी यांच्या कायमच्या नोंदी व्हावयाच्या, ती या किरकोळ विचारपुशीनेंच गुदमरून जाते.

येथें पाटीचा उपयोग होतो. संगणकास दोन तऱ्हेच्या स्मृति असतात, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. एक डिस्क, ती शाईनें लिहिलेल्या चोपडीसारखी. वीज गेली तरी तिच्यावरील मजकूर टिकतो, पण तेथें लिहावयास व शोधावयास वेळ लागतो. दुसरी रॅम, ती पाटीसारखी. तिच्यावर झटपट लिहावें, झटपट वाचावें, झटपट पुसावें. पण वीज गेली कीं पाटी कोरी. या दोहोंच्या वेगांत किती अंतर आहे तें पाहण्यासारखें आहे. रॅममधून एक नोंद उचलण्यास स्थूलमानानें १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटिवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर तीच नोंद शोधण्यास सुमारें १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ जातो. रॅमच्या कामास एक सेकंद लागतो अशी कल्पना केली, तर तबकडीच्या कामास सत्तावीस तासांहून अधिक लागतील! हल्लींच्या एसएसडी डिस्का पुष्कळच वेगवान आहेत. तरी त्यांसहि याच हिशेबानें पाव तासाच्या आसपास लागेल.

तेव्हां सर्व सर्व्हरांच्या मध्यें एक सामायिक पाटी टांगावी, अशी ही कल्पना आहे. एका निराळ्या संगणकाच्या रॅममध्यें सर्व सत्रांच्या नोंदी ठेवावयाच्या. मागणी तिसऱ्याकडे जावो कीं सातव्याकडे जावो, प्रत्येकानें याच पाटीकडे पाहावयाचें. तारेवरून त्या संगणकापर्यंत जाऊन येण्यास अर्धा मिलिसेकंद वगैरे खर्च होतो हें खरें. तरीहि तबकडीवर शोधण्यापेक्षां हा प्रवास स्वस्त पडतो, आणि मुख्य खातेवहीवरचा भार उतरतो. शिवाय जागाहि फारशी लागत नाहीं. एका सत्राची नोंद एक किलोबाइट धरली, तर दहा लाख सत्रें सुमारें एका गिगाबाइटांत बसतात. व्यवस्थेचा खर्च धरून तें दुप्पट झालें तरी साध्या मोबाइलच्या रॅममध्यें मावेल एवढेंच तें होईल.

अशा पाट्या तयार करणाऱ्यांत दोन नांवें सांगण्याजोगीं आहेत. २००३ सालीं अमेरिकेंतील ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं लाइव्हजर्नल या आपल्या संकेतस्थळाचा भार हलका करण्याकरितां मेमकॅश्ड नांवाची व्यवस्था रचली. पुढें २००९ सालीं सिसिली बेटांतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनीं रेडिस जगापुढें ठेवलें. संकेतस्थळांवर कोण येतो-जातो याचा ताजा हिशेब दाखविणारी एक सेवा ते चालवीत होते. तिचें काम नेहमींच्या डेटाबेसास झेपेना, म्हणून त्यांनीं स्वतःच ही नवी पाटी घडविली. तिचा मूळ मजकूर त्यांनीं सर्वांस मोफत खुला केला, आणि थोड्याच वर्षांत ती जगभर गेली. २०२४ च्या मार्च महिन्यांत रेडिसच्या मालक कंपनीनें परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हां लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालीं व्हॅल्की नांवाची तिची एक स्वतंत्र शाखा निघाली.

रेडिसमध्यें सत्र ठेवण्याची रीत फार सुटसुटीत आहे. बिल्ल्याचा आंकडा ही किल्ली, आणि त्यापुढें माणसाची नोंद. नोंद लिहितांनाच तिचें आयुष्यहि सांगतां येतें. 'ही १८०० सेकंदांनीं पुसून टाक' असें बजावलें कीं झालें. अर्ध्या तासांत तो मनुष्य पुन्हां आला तर घड्याळ मागें घेऊन पुन्हां १८०० पासून मोजणी सुरू करावयाची. न आला तर नोंद आपोआप नाहींशी होते. ही पुसापुशी रेडिस दोन प्रकारांनीं करतें. मुदत सरलेली नोंद कोणी मागितली कीं ती देण्याऐवजीं तें पुसून टाकतें. आणि जिच्याकडे कोणी फिरकतच नाहीं अशी नोंद अडगळ होऊन राहूं नये म्हणून मधून मधून कांहीं नोंदी चांचपून मुदत सरलेल्या दूर करतें. जेवावयास उठलेला विद्यार्थी परत आल्यावर अनोळखी कां ठरतो, याचें उत्तर येथें मिळालें. त्यानें आपला संगणक उघडा टाकून जावा आणि वाटेल त्यानें येऊन त्याच्या नांवावर पसंती बदलावी, असें होऊं नये यासाठींच ही मुदत घातलेली असते.

सर्व्हराच्या बाजूस नोंद असण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. 'लॉगआउट' दाबतांच ती नोंद पुसली जाते, आणि बिल्ला कोणाच्या हातीं राहिला तरी तो कवडीमोलाचा होतो. कांहीं ठिकाणीं नोंद न ठेवतां, सर्व्हराची स्वाक्षरी असलेला दाखलाच माणसाच्या हातीं देतात. स्वाक्षरीमुळें त्यांत खाडाखोड करतां येत नाहीं, पण तो मुदतीपूर्वीं रद्द करणें मात्र अवघड जातें. रद्द करण्याची सोय किती मोलाची असते, हें सप्टेंबर २०१८ मध्यें दिसून आलें. फेसबुकच्या एका दोषाचा फायदा घेऊन चोरांनीं लोकांच्या प्रवेश-खुणा पळविल्याचें उघडकीस आलें, तेव्हां त्या कंपनीनें खबरदारीसुद्धां धरून सुमारें ९ कोटि खात्यांच्या खुणा रद्द केल्या. त्या लोकांस पुन्हां एकदां सांकेतिक शब्द द्यावा लागला, एवढाच काय तो त्रास.

आतां विचारी वाचक म्हणेल, 'पाटी वेगवान खरी, पण वीज गेली म्हणजे काय?' शंका रास्त आहे. रेडिसमध्यें यावर तीन तरतुदी आहेत. ठराविक वेळानें साऱ्या पाटीची एक नक्कल डिस्कवर उतरून ठेवतां येते. प्रत्येक फेरफार एका रोजनाम्यांत टिपतां येतो. हा रोजनामा सेकंदास एकदां डिस्कवर पक्का करण्याची रीत ठेवली, तर अपघातांत फार तर सेकंदाभराचें काम बुडतें. तिसरी तरतूद, दुसऱ्या संगणकावर जुळी पाटी ठेवावयाची; मात्र जुळ्या पाटीवर मजकूर क्षणभर मागाहून पोंचत असल्यामुळें शेवटचीं कांहीं अक्षरें निसटूं शकतात. सारांश, पाटी कितीहि सांभाळली तरी ती शाईची चोपडी होत नाहीं.

म्हणूनच पाटीवर काय लिहावें हा विवेक सर्वांत महत्त्वाचा. 'हा विद्यार्थी आतां आंत आहे' ही नोंद पुसली गेली, तर त्यानें पुन्हां सांकेतिक शब्द द्यावा. पांच मिनिटांत काम भागतें. ही नोंद मुळांतच पुसली जाण्यासाठीं जन्मलेली आहे. तिला चोपडींत कोरून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यानें तासभर खपून भरलेली महाविद्यालयांची यादी केवळ पाटीवरच ठेवली, आणि ती पुसली गेली, तर त्या मुलाचें एक वर्ष धोक्यांत येऊं शकतें. असा मजकूर प्रत्येक पानागणिक मुख्य खातेवहींत गेलाच पाहिजे. ज्या संकेतस्थळाच्या कर्त्यांनीं ही सीमा नीट आंखली, तेथें सत्र संपलें तरी अर्ज शाबूत राहतो. ज्यांनीं आंखली नाहीं, तेथें पालकांच्या कपाळीं हेलपाटे येतात.

पाटी भरून गेली तर काय, हाहि विचार करावा लागतो. कांहीं न सांगितल्यास रेडिस अशा वेळीं नवीन मजकूर लिहून घेण्याचें नाकारतें. 'ज्याकडे पुष्कळ वेळांत कोणी पाहिलें नाहीं तें पुसून जागा कर' अशीहि त्यास आज्ञा देतां येते. पण त्याच पाटीवर इतर फुटकळ मजकूरहि लिहिला असेल, तर त्याच्या गर्दींत कोणाचें चालू सत्रच पुसलें जावयाचें. यास्तव सत्रांची पाटी वेगळी ठेवणें हाच उत्तम मार्ग होय. शिवाय ती पाटी रस्त्यावर टांगूं नये. आपल्याच सर्व्हरांस दिसेल अशी आंतल्या खोलींत ठेवावी. पूर्वीं अनेकांनीं ही काळजी घेतली नाहीं; म्हणून २०१६ सालीं निघालेल्या रेडिसच्या ३.२ या आवृत्तींत, सांकेतिक शब्दाची वगैरे व्यवस्था केलेली नसल्यास, बाहेरच्यांस दार बंद ठेवण्याची योजना करण्यांत आली.

सामायिक पाटीच्या व्यवहारांत घोटाळा कसा होतो, याचें एक बोधप्रद उदाहरण २० मार्च २०२३ रोजीं घडलें. चॅटजीपीटी ही सेवा चालविणारी ओपनएआय कंपनी आपल्या लोकांची माहिती वरचेवर डेटाबेसांत शोधावी लागूं नये म्हणून रेडिसमध्यें ठेवीत असे. त्या दिवशीं कांहीं लोकांस आपल्या पानावर दुसऱ्याच माणसांच्या संभाषणांचे मथळे दिसूं लागले. झालें होतें असें: सर्व्हर व रेडिस यांच्यामध्यें निरोप पोंचविणाऱ्या एका सॉफ्टवेअरांत दोष होता. एकानें मागणी केली आणि उत्तर येण्यापूर्वींच ती रद्द झाली. उत्तर मात्र आलेंच, आणि तें खिडकीवर पडून राहिलें. पुढचा माणूस त्याच खिडकीशीं आला, तों त्याच्या हातीं आधींच्याचें गाठोडें पडलें! कंपनीनें सेवा बंद करून दोष दुरुस्त केला. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, त्या दिवशींच्या नऊ तासांत वापर करणाऱ्या सशुल्क वर्गणीदारांपैकीं १.२ टक्के लोकांचीं नांवें, ई-मेलचे पत्ते, कार्डाचे शेवटचे चार अंक वगैरे माहिती इतरांस दिसली असण्याचा संभव आहे. संपूर्ण कार्ड-क्रमांक मात्र उघड झाले नाहींत. तेव्हांपासून, हातीं आलेलें गाठोडें मागणाऱ्याचेंच आहे कीं नाहीं, हें पडताळण्याची जादा व्यवस्था त्यांनीं केली. वेगाच्या नादांत गाठोड्यावरचें नांव वाचावयाचें राहिलें, तर वेगच घातक होतो, हा यांतला धडा.

बिल्ला चोरीस जाण्याचें भयहि आहेच. ज्याच्या हातीं बिल्ला त्याची सायकल, एवढेंच स्टँडवाल्यास कळतें. ऑक्टोबर २०१० मध्यें एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरानें फायरशीप नांवाचें एक साधन प्रसिद्ध करून, उपाहारगृहांतील उघड्या वायफायवरून शेजाऱ्याची कुकी किती सहज टिपतां येते हें सर्वांस दाखवून दिलें. लोकांची झोप उडाली; आणि सबंध व्यवहार कुलूपबंद करणाऱ्या एचटीटीपीएसचा प्रसार पुढील वर्षांत झपाट्यानें झाला. आतां दक्ष संकेतस्थळें आपली कुकी कुलूपबंद वाटेनेंच जावी व पानांतील इतर मजकुरास ती वाचतां येऊं नये, अशा खुणा तिच्यावर करतात. आणि मनुष्यानें सांकेतिक शब्द दिला कीं जुना आंकडा मोडून त्यास नवा देतात.

हें सर्व सांगण्यांत आमचा एक व्यावहारिक हेतु आहे. विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं चार गोष्टी पाळाव्या. सायबर कॅफेंत किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर काम केलें असेल, तर उठण्यापूर्वीं 'लॉगआउट' अवश्य दाबावें. नुसती खिडकी मिटल्यानें सर्व्हराकडील नोंद पुसली जात नाहीं, बिल्ला चालूच राहतो. परक्या यंत्रावर 'मला लक्षांत ठेवा' या चौकटींत खूण करूं नये. मोठा अर्ज भरतांना प्रत्येक पान 'सेव्ह' करूनच पुढें जावें, कारण तेव्हांच मजकूर पाटीवरून चोपडींत जातो. आणि कागदपत्रें आधीं जुळवून मगच अर्जास बसावें, म्हणजे मुदत आड येत नाहीं. चौथी गोष्ट, संकेतस्थळानें पुन्हां ओळख मागितली तर संतापूं नये. आपल्या गैरहजेरींत आपल्या नांवानें दुसरा कोणी वावरूं नये, एवढ्यासाठींच तें विसरलेलें असतें.

आणि ज्या विद्यार्थ्यांस पुढें असलीं यंत्रें स्वतः घडवावयाचीं आहेत, त्यांस आणखी एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. नोंद लिहिण्याची आज्ञा लिहितांना ती केव्हां पुसावयाची हेंहि त्याच ओळींत लिहीत जा. आणि लिहिण्यापूर्वीं स्वतःस विचारा, ही नोंद हरवली तर कोणाचें काय जाईल? 'कोणाचें कांहीं नाहीं' असें उत्तर आलें तर पाटी घ्यावी. एखाद्या मुलाचें वर्ष जाईल असें उत्तर आलें, तर चोपडी उघडावी आणि शाईनें लिहावें.